ओट्यावरची साडी

शहापूरच्या पेठेइतकी देखणी पेठ मी दुसरीकडे पाहिली नाही. कल्याणला मोठी दुकानं आहेत, असतील. पण ती सगळी काचेची. आमच्या पेठेत खाली दुकान, वर दुकानदाराचं घर, घराला लाकडी कठड्याची गॅलरी आणि त्यावर कौलं. पुढे एकमेकांना चिकटलेले ओटे. कासाराकडून निघालेली बाई रस्त्यावर पाय न ठेवता भांडेवाल्यापर्यंत पोचायची, वाटेत गप्पांत अडकली नाही तर.

दुकानं मात्र अरुंद आणि खोल. नव्वदच्या दशकात माझ्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही किन्हवलीहून एसटीने तिथल्या जुन्या कापडवाल्याकडे गेलो. सापगावची सासरची माणसं आधीच आली होती. ओट्यावर चपला काढून सगळे पार मागे, पांढऱ्या गादीवर जाऊन बसलो. तिथे भर दुपारीही ट्यूबलाइट लावावी लागे.

लग्नातली साडी सासूने निवडायची आणि नवरीने मान खाली घालून बसायचं, अशी आमच्याकडची रीत. एरवी माझं तोंड घरात कुणाला आवरत नसे, पण त्या दिवशी मी मूग गिळून बसले होते. सासूबाईंनी जांभळी साडी उचलली. मला बाजूला पडलेली मोरपंखी हवी होती. माझी नजर राहून राहून तिच्याकडेच वळत होती.

म्हाताऱ्या दुकानदाराच्या ते लक्षात आलं असावं. "घाई नको," तो म्हणाला. "रंग ओट्यावर नेऊन बघा. इथं आत सगळंच चांगलं दिसतं."

त्याने दोन्ही साड्या स्वतः बाहेर नेऊन उलगडल्या. उन्हात जांभळी अगदी मातकट दिसायला लागली. ज्याला माल विकायचाय तोच तो उजेडात नेऊन दाखवतो, याचं मला आजही कौतुक वाटतं.

सासूबाईंनी जांभळी बाजूला केली आणि माझ्याकडे वळल्या. "तुला कुठली आवडली गो?"

मी आईकडे पाहिलं. तिने डोळ्यांनीच दटावलं.

"बोल ना. उद्या आमच्या घरात पण अशीच तोंड मिटून बसशील काय? मला नाय चालायचं."

लग्न ठरताना, नवरा पसंत आहे का, हेसुद्धा मला कुणी विचारलं नव्हतं. तिथेच, सगळ्यांच्या चपलांमध्ये उभी राहून मी रडले. मग डोळे पुसले आणि मोरपंखीवर हात ठेवला.