दोन शून्यांचं चाक

संस्थान होतं तोवर माझे वडील सरदारांच्या क्लबात रुलेटचं चाक फिरवत. स्वतः मात्र त्यांनी कधी एक पैसा लावला नाही. का, ते त्यांनी मला माधवगंजातल्या आमच्या ओट्यावर चिंचोके मांडून शिकवलं होतं. छत्तीस आकडे अन् एक शून्य, अशी सदतीस घरं. प्रत्येक घरावर एकेक चिंचोका ठेव. कुठलंही घर लागो, हाती परत येतात छत्तीसच. एक गेला. आता दोन शून्यांचं चाक घे. ठेवलेस अडतीस, परत तेच छत्तीस. दोन गेले. "एक शून्य म्हणजे क्लबाचं पोट," ते म्हणायचे, "दुसरं म्हणजे दरोडा."

संस्थान विलीन झालं नि क्लबाला कुलूप लागलं. नोकरांना नव्या सरकारात घेणार, यादी लागणार, असं सांगितलं. वर्षं गेली. आई लोकांचे कपडे शिवायची, वडील दर सोमवारी क्लबाचा पितळी बटणांचा कोट चढवून कचेरीत यादी बघायला जायचे. एकदा तिथल्या बाबूनं त्यांना बँडवाला समजून विचारलं, "शादी किसकी है?" घरी येऊन वडिलांनी ते हसत हसत सांगितलं. मला त्या मेल्याचं थोबाड फोडावंसं वाटलं.

त्या हिवाळ्यात मेळ्यात एकानं चाक लावलं आणि वडिलांना फिरवायला बोलावलं. ते गेले, शून्यं मोजली अन् परत आले.

"दोन आहेत. मी नाही फिरवणार."

"चुलीत घाला ती शून्यं!" आई कडाडली. "पोरांनी काय चिंचोके खायचे?"

मी वडिलांची बाजू घेतली. आईची घ्यायला हवी होती, हे मला फार उशिरा कळलं.

पुढच्याच सोमवारी शेवटची यादी लागली. त्यांचं नाव नव्हतं. दफ्तर आता भोपाळला चाललं, इथं काही लागायचं नाही, असं बाबूनं सांगितलं.

दिवेलागण झाली तरी ते घरी आले नाहीत. मी शोधत मेळ्यात गेले. तोच कोट घालून ते चाकासमोर उभे होते, पैसे लावणाऱ्यांच्या गर्दीत. मी बाही ओढली.

"बाबा, अहो, दोन शून्यांचं आहे हे!"

"ठाऊक आहे गं," ते म्हणाले. "इथं घरं तरी मोजता येतात."

खिशातलं होतं नव्हतं ते त्यांनी सतरावर ठेवलं. चाक फिरलं तशी मी रडायला लागले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.