प्रज्ञाला बाद करायचे नाही

सगळ्यांना खेळात घ्यावे, या विषयावर आमचे साडू इतके बोलत, की त्यांच्या सहवासात खेळाची आवड टिकलेला माणूस मला भेटला नाही. शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयात ते प्राध्यापक होते. 'सर्वसमावेशक' हा शब्द ते योगासनांना लावत, कबड्डीला लावत आणि एकदा पंगतीत त्यांनी तो वांग्याच्या भाजीलाही लावला. स्वतः मात्र जिना चढताना मध्येच थांबत आणि भिंतीवरचे कॅलेंडर वाचत असल्याचे दाखवून श्वास घेत. कोहमाऱ्याच्या ढाब्यावर त्यांनी ट्रक ड्रायव्हरांना कंबरेचे व्यायाम सांगायला घेतले. रायपूरकडचा एक ड्रायव्हर रोटी मोडत म्हणाला, "साहब, पहले आप झुक के दिखाओ." साडू झुकले. त्यांना सरळ करायला ढाबेवाल्याला गल्ला सोडून यावे लागले. परतताना त्यांनी या प्रकाराला 'प्रात्यक्षिक' म्हटले.

त्यांचे निबंध परिषदांमध्ये वाचले जात. ऐकणारे बहुतेक आपला निबंध वाचायची वाट पाहत बसलेले असत. अपंग मुलांवर त्यांनी पुष्कळ लिहिले. त्यांतल्या एखाद्याला त्यांनी काही विचारल्याचे मला आठवत नाही.

दोन हजार सहाच्या सुमारास त्यांना प्रयोगासाठी शाळा हवी होती. सडक अर्जुनीजवळच्या गावात ती मिळाली. तिथे नववीत प्रज्ञा होती. पोलिओने तिचा डावा पाय बारीक झालेला. धानाची मळणी आटोपली की गावातल्या पोरी खळ्यावर खो-खो खेळत. प्रज्ञाही खेळे, बहुधा सगळ्यांत आधी बाद होई आणि बाद झालोच नाही म्हणून भांडे. साडूंनी शाळेतल्या खो-खोसाठी नियम घालून दिला : प्रज्ञाला कोणी बाद करायचे नाही. मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर पाठलाग करणाऱ्या पोरी प्रज्ञाला वळसा घालून जाऊ लागल्या. ती मैदानात नुसती उभी असे आणि डाव काही संपत नसे. पोरी कंटाळल्या. तिला बाद केल्याचे सरांना कळले तर रागावतील म्हणून खळ्यावरही तिला बोलावणे बंद झाले.

साडू फोटो काढायला गेले, तेव्हा वार्ताहर म्हणून मी बरोबर होतो. खेळ चालू होता आणि प्रज्ञा शाळेच्या ओट्यावर बसली होती. खेळत का नाहीस, असे साडूंनी विचारले.

"तुमच्यानंच तं, सर," ती म्हणाली. "मले कोणी हातच लावून नाही राहिले. आता बलावत बी नाही. मले औट करू द्या ना."

साडूंनी समावेशनाचा अर्थ सांगायला सुरुवात केली. ती मैदानाकडे पाहत राहिली. साडू थांबले. त्यांचे वाक्य अर्धवट राहिलेले मी तोवर ऐकले नव्हते. मग त्यांनी पोरींना बोलावून नियम मागे घेतला.

"मंग रागावणार तं नाही ना?" एकीने खात्री करून घेतली.

प्रज्ञा उतरली. चांगल्या पायावर गिरकी घेऊन ती एकदा निसटली. पुढच्या खेपेला एका दांडग्या पोरीने तिच्या पाठीवर थाप मारली आणि ती पडली. साडू पाण्याची बाटली घेऊन धावले. ते पोचेपर्यंत खरचटलेल्या गुडघ्याने ती उभी राहून भांडू लागली होती : हात लागलाच नाही, पंचाला दिसत नाही. बाकीच्या पोरीही तितक्याच तावातावाने तिला खोटारडी म्हणत होत्या.

साडू आता नाहीत. त्यांच्या निधनाची बातमी मीच लिहिली. तिच्यात पदव्या होत्या, पदे होती. त्या भांडणाच्या कडेला, कोणालाच नको असलेली बाटली धरून हसत उभा राहिलेला माणूस मात्र मला तिच्यात बसवता आला नाही.