पवईत जिंकलेला ठराव

कुडाळहून निघालेली बस सकाळी घाटकोपरला थांबली, तेव्हा मी गाढ झोपेत होते. जाग आली ती थेट बोरिवलीत. क्लीनर सीटवर थाप मारत होता. "ताई, लास्ट स्टॉप. उतरा."

मामाला फोन केला. "वाट लागली!" तो म्हणाला. "घाबरू नको. गोरेगावला ये. तिथून आरेतून पवईला बस जाते. पवईहून मग घाटकोपर."

चुकल्यामुळे आरे कॉलनी पाहिली. झाडं इतकी जवळ, की फांद्या खिडकीला घासत होत्या. मध्येच गुरांचे गोठे, शेणाचा वास. जरा वेळ आपल्याच तालुक्यात असल्यासारखं वाटलं. मग पवईचा तलाव आणि त्याच्या काठाला काचेच्या इमारती. तिथल्याच एका कॉलेजात दुसऱ्या दिवसापासून आमची परिषद होती. एमयूएन म्हणतात तिला, म्हणजे संयुक्त राष्ट्रसंघाची नक्कल. प्रत्येक विद्यार्थ्याने एका देशाचा प्रतिनिधी व्हायचं, त्या देशाच्या वतीने बोलायचं, ठराव लिहायचा, मतं मिळवायची. आमच्या कॉलेजातून पहिल्यांदाच कुणीतरी जात होतं.

मामाचं घर घाटकोपरच्या टेकडीवर. पायऱ्या चढताना दोनदा बसले. मामी दारातच उभी होती. "इलंस गो बाय? (आलीस का) आधी च्या घे." चहाबरोबर गरम घावणे होते. खाताना दाराशेजारी चिकटवलेला कागद दिसला. दरडीचा धोका आहे, पावसाआधी घर रिकामं करावं, अशी नोटीस.

"दरवर्षी लावतत," मामी म्हणाली. पण मागच्या भिंतीवरची फळी तिने रिकामी करून ठेवली होती. भिंत मार्चमध्येही ओलसर होती. रेशनकार्ड, आधार, मामाची नोकरीची पत्रं, सगळं एका पिशवीत घालून दाराच्या खिळ्याला टांगलेलं. "उचलूक बरी," ती म्हणाली.

माझ्या समितीचा विषय हाच होता. धोक्याच्या उतारांवर राहणाऱ्यांचं स्थलांतर.

पहिला दिवस फार वाईट गेला. कामकाज इंग्रजीत. सगळ्यांना कोट, मला ताईच्या लग्नातला ड्रेस. मी दोनदा उभी राहिले, दोनदा वेळ संपली. दुपारी पॅटिस घेऊन जिन्यावर एकटीच बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी कागद बाजूला ठेवला आणि मामीच्या पिशवीबद्दल बोलले. नाव घेतलं नाही. ओली भिंत, रिकामी फळी, दाराचा खिळा, एवढंच साध्या इंग्रजीत सांगितलं. मधल्या सुट्टीत माझ्याभोवती माणसं जमली, मी लिहिलेल्या ठरावावर सह्या मिळाल्या. तरी आठ मतं कमी पडत होती.

ती आर्याकडे होती. मुलुंडची मुलगी, श्रीमंत देशांच्या गटाची पुढारी. ती माझ्या शेजारी येऊन बसली.

"झकास बोललीस यार. पण ते पर्यायी घरांचं कलम काढ ना. खर्च आमच्या देशांवर येतो."

"मग लोक जाणार कुठे?"

"अगं, कागदावरचे लोक आहेत ते. काढलंस तर आठही मतं तुझी. नाहीतर ठराव पडला समज."

मी पेन घेतलं आणि कलमावर रेघ मारली. मला फक्त मतं दिसत होती.

ठराव पास झाला. संध्याकाळी उत्कृष्ट प्रतिनिधीचं पदक माझ्या गळ्यात होतं. आर्याने मिठी मारली. तलावाच्या कडेने बसस्टॉपपर्यंत मी जवळजवळ धावतच गेले.

मामीने पदक हातात घेऊन वजन पाहिलं. "काय बोल्लंस तां सांग मगे." मी ठराव मराठीत वाचून दाखवला. धोक्याच्या जागा ठरवाव्यात. पावसाआधी सक्तीने रिकाम्या कराव्यात. पुन्हा तिथे राहू देऊ नये.

मामी पुढचं ऐकायला थांबली होती. वाचून संपलं हे तिला कळलं नाही.

"आणि जावचा खंय? (कुठे जायचं)"

"ते कलम होतं मामी. मी काढलं."

"कित्याक?"

"मतं मिळत नव्हती."

तिने पदक माझ्या हातात परत दिलं. पिशवीबद्दल मी तिथे सांगितलं, हे तिला सांगायचं धैर्य मला झालं नाही. मामा म्हणाला, "खोटं खोटंच असतं ना ते? जेव तू." बांगड्याचं तिखलं (आंबट-तिखट कालवण) होतं. मी मान खाली घालून जेवले.

कुडाळला सत्कार झाला, फळ्यावर नाव लागलं. मामा-मामी मे अखेरीस घर रिकामं करून नालासोपाऱ्याला भाड्याच्या खोलीत गेले. घाटकोपरला मामी दोन घरी पोळ्या करायची, ती कामं सुटली.

जूनमध्ये कॉलेजात सरांनी मला नव्या मुलांपुढे उभं केलं, परिषद कशी जिंकायची ते सांगायला. मी सगळं सांगितलं. मामीचा प्रश्नसुद्धा. पुढच्या बाकावरची एक मुलगी भराभर लिहून घेत होती. तास संपल्यावर तिने वही माझ्यापुढे धरली. "ताई, बरोबर आहे ना?" शेवटची ओळ होती: अडलेलं कलम काढलं की मतं मिळतात.

मी ती ओळ पुन्हा वाचली. चूक काहीच नव्हती तिच्यात.