जेनीचे दोनशे बारा तास

चंद्रशेखर देवस्थळीच्या गाडीच्या डिकीत स्टेपनी नाही. ती काढून त्या जागी त्याने नऊ इंची, ट्यूबवाला, पाठीला पोक असलेला टीव्ही ठेवलाय. शेजारी इन्व्हर्टर आणि तीस वर्षांपूर्वीचा एक व्हिडिओ गेमचा डबा, दोन्ही जुन्या दुलईत नीट गुंडाळलेले.

"हायवेवर टायर फुटला की काय करणार तू?" शुभाने, म्हणजे त्याच्या बायकोने, एकदा विचारलं होतं.

"टो-ट्रक येईपर्यंत खेळत बसू."

"बसू? मी उबर करून घरी येईन."

एप्रिल ते ऑक्टोबर, दर शनिवारी सकाळी सातला चंद्रशेखर पार्सिपनीतल्या घरून निघतो. खांबाखांबावर हाताने लिहिलेले गॅरेज सेलचे बाण लागलेले असतात, त्यांच्या मागे मागे जातो. लोक आपला संसार ड्राइव्हवेवर मांडून खुर्ची टाकून बसलेले असतात: सायकली, वाफल करायची यंत्रं, एकच पाय असलेला दिवा. चंद्रशेखरला त्यातलं काही नको असतं. तो सरळ जाऊन विचारतो, "एनी ओल्ड व्हिडिओ गेम्स?" सत्तावन्न वर्षांचा, चष्मा नाकाच्या टोकावर घेतलेला माणूस हे विचारतो तेव्हा समोरची बाई आधी त्याच्या मागे कुणी मूल उभं आहे का ते बघते.

गेम मिळाला की तो म्हणतो, "लावून बघू का?" त्याच्या वडिलांचं सांगलीला इलेक्ट्रिकचं दुकान होतं. होल्डरला लावून पेटवून दाखवल्याशिवाय साधा झिरोचा बल्बसुद्धा गिऱ्हाइकाच्या हातात पडायचा नाही. ते रक्तातच उतरलंय. डिकी उघडते, टीव्ही भुरभुरत जागा होतो आणि आजूबाजूचे चार म्हातारे कॉफीचे कप घेऊन गोळा होतात.

खेळण्यात मात्र तो अगदीच कच्चा. पहिल्या उडीला खड्ड्यात. त्याला ओढ आहे ती वेगळ्याच गोष्टीची. गेमच्या त्या प्लास्टिकच्या डबीत, कार्ट्रिजमध्ये, गोळीएवढी एक बॅटरी असते आणि तिच्या जिवावर जुना खेळ जिथे सोडला तिथे राहिलेला असतो, खेळणाऱ्याच्या नावासकट. कुणी माइक चौऱ्याण्णव साली एका पुलावर उभा राहिला, तो अजून उभाच. त्याला जेवायला हाक मारली असेल? घर बदललं असेल? की एखादी मुलगी आवडायला लागली असेल? चंद्रशेखर वहीत लिहून ठेवतो: माइक, पूल, एक प्राण शिल्लक. दिवसभर ऑफिसात इन्शुरन्स कंपनीचा डेटाबेस सांभाळणारा माणूस शनिवारी लोकांच्या अर्धवट राहिलेल्या गोष्टी वाचत हिंडतो, एवढंच. त्या बॅटऱ्या आता शेवटच्या घटका मोजताहेत, म्हणून जरा घाईने.

जूनमधल्या एका शनिवारी, डोंगराच्या बाजूच्या एका गावात, खोक्याच्या तळाशी त्याला एक करडं कार्ट्रिज सापडलं. वर कंदील घेतलेल्या कोल्ह्याचं अर्धवट सोललेलं चित्र. आणि बाजूच्या खाचांमध्ये काहीतरी लाल.

"सॉरी, केचप असेल," मालकीणबाई म्हणाली. "माझा मुलगा अस्साच होता. आण, पुसून देते."

"नो, नो, नो!" चंद्रशेखर एवढ्या जोरात ओरडला की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

ते केचप नव्हतं. ते कुंकू होतं. त्याच्या आत, अगदी खोल, हळदीचा पिवळा कण होता. कुणीतरी, केव्हातरी, दसऱ्याला पाटावर पुस्तकं, गाडीची किल्ली, स्क्रू ड्रायव्हर मांडताना हा कोल्हाही मांडला होता आणि त्याला हळद-कुंकू वाहिलं होतं.

मालकीणबाईला एवढंच आठवत होतं की तिच्या मुलाने तो वीसेक वर्षांपूर्वी अशाच कुठल्यातरी सेलमधून आणला होता. "आणि त्यातले आधीचे गेम त्याने पुसले नाहीत. घाबरायचा. म्हणायचा, आत कुणीतरी राहतं."

चंद्रशेखरने डिकीत कार्ट्रिज लावलं. तीन नावं आली. वीर, नऊ तास. केया, चौदा तास. जेनी, दोनशे बारा तास.

वीर आणि केया समजले. पण ही जेनी कोण? दोनशे बारा तास! एवढं खेळताना हिला घरी कुणी हटकत नव्हतं का?

चंद्रशेखरने पुढे बटण दाबलं नाही. स्क्रीन एकदा लवलवली, नावं पुसट झाली, परत आली. बॅटरी जायला टेकली होती. बदलायला घेतली तर सगळंच पुसलं जाण्याची भीती, आणि सोल्डरिंगचा डाग देताना त्याचा हात हलतो. ज्याचं आहे त्याच्या डोळ्यांसमोर हे एकदा जायला हवं, आणि लवकर.

त्याने तिथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुंकवाचा फोटो टाकला. 'ही पूजा कोणाच्या घरची? आतली तीन नावं सांगा आणि घेऊन जा.'

ग्रुप पेटला. तासाभरात चार जणांनी दावा केला, कारण दसऱ्याला गेमची पूजा चार घरांत तरी झालेली होती. एकाने ऋषी, राजेश आणि स्वतःचं नाव ठोकून दिलं. कुणी लिहिलं, 'शेखर, यार, गेमचं स्वयंवर मांडलंयस का?' आयसेलिनच्या एका काकूंनी विचारलं की हे विकायला आहे का आणि सोबत काही भांडी आहेत का.

तीन दिवस गेले. रोज संध्याकाळी तो कार्ट्रिज लावायचा, नावं आहेत एवढं बघायचा आणि बंद करायचा.

"आयसीयूतल्या पेशंटसारखं करतोस," शुभा म्हणाली. पण जाता जाता तिनेही विचारलं, "आहे का अजून जेनी?"

चौथ्या दिवशी फोन आला. वेस्ट विंडसरच्या लताताई चौबळ. रविवारच्या मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका. मुलांचं नाव घालताना पालकांकडून घरच्या स्क्रीन टाइमबद्दल कागदावर सही घेणाऱ्या. त्यांचा आवाज ऐकूनच चंद्रशेखर खुर्चीत ताठ बसला.

"वीर, केया," त्या म्हणाल्या. मग थांबल्या. "आणि जेनी. ग्रुपवर कुणाला सांगितलं नाहीस ना?"

"नाही, ताई. ही जेनी म्हणजे आधीची मालकीण का?"

"ती अजून आहे आत?"

"आज सकाळपर्यंत होती."

"मी आत्ता निघते."

तासाभरात त्या देवस्थळींच्या तळघरात हजर. सोफ्यावर बसा म्हटलं तर सरळ खाली सतरंजीवर मांडी घालून बसल्या. पर्समधून जवळचा चष्मा काढला. चंद्रशेखरने स्विच दाबला. स्क्रीन काळी. लताताईंनी पदर नव्हता तरी खांद्याशी हात नेला. मग एकेक करून तिन्ही नावं आली.

त्यांनी चंद्रशेखरच्या हातून कंट्रोलर घेतला आणि जेनीवर बटण दाबलं.

कोल्हा धावला. दरी ओलांडली, भिंतीच्या दगडाला दोनदा डोकं आपटून गुप्त वाट उघडली. लताताईंचे अंगठे त्यांना न विचारताच चालले होते. चंद्रशेखरला ती दरी ओलांडायला दोन रविवार लागले असते.

"ताई... जेनी तुम्ही?"

"सत्त्याण्णव साली आलो आम्ही, पार्सिपनीच्या अपार्टमेंटमध्ये. मला कामाचं परमिट नव्हतं, गाडी येत नव्हती. मुलं शाळेत, हे ऑफिसात. दहा ते तीन मी आणि हीटर." नजर स्क्रीनवरच होती. "आमच्या पत्रपेटीत आधीच्या भाडेकरणीची पत्रं यायची. जेनीला बँक बोलावायची, कॉलेज बोलावायचं, डेंटिस्टसुद्धा बोलावायचा. मला कोणी नाही. म्हटलं, दहा ते तीन आपणच जेनी होऊ."

"आणि मुलांना कळलं नाही?"

"त्यांना सांगितलं, ती आधीच्या मालकिणीची आहे, पुसायची नाही. पण ते शाळेतून आले की तिचे तास वाढलेले. वीरने ठरवलं, भूत आहे. दसऱ्याला पूजेला ठेवायचा हट्ट त्याचाच, भूत शांत व्हावं म्हणून. मी केली पूजा. काय करणार!"

कोल्हा एका मोठ्या दारापाशी येऊन थांबला. हेच शेवटचं दार. लताताईही थांबल्या.

"इथे मी महिनाभर नुसती उभी होते."

"किल्ली नव्हती?"

"होती रे. पण उघडलं असतं तर दुसऱ्या दिवशी काय केलं असतं? मग घर बदलायचं ठरलं आणि एका शनिवारी मी भाजी आणायला गेले, तेवढ्यात ह्यांनी मुलांचा पसारा विकून टाकला. कुणाला काय सांगणार, माझा डाव राहिला म्हणून?"

स्क्रीन लवलवली. आत काय आहे हे चंद्रशेखरलाही बघायचं होतं, अगदी कसंही करून, पण बटण त्याचं नव्हतं. जिन्यात शुभाही केव्हापासून उभी होती.

"आता दहा ते तीन मला कुठे वेळ असतो," लताताई म्हणाल्या आणि दार उघडलं.

आत एक माळ होता. माळभर कंदील. कोल्ह्याने आपला कंदील त्यांच्यात ठेवला, तीन गिरक्या घेतल्या आणि झोपला. संपलं.

"एवढंच?" शुभा म्हणाली.

"चांगला झोपलाय," लताताई म्हणाल्या आणि चष्मा काढून पुसला. मग त्यांनी फोन काढला आणि स्पीकर लावून सिॲटलला वीरला फोन केला. वीर आता अडतीस वर्षांचा.

"वीर, ते भूत मी होते."

"व्हॉट भूत? आई, आर यू ओके?"

"कोल्ह्याच्या गेममधलं. जेनी."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"टू हंड्रेड अवर्स, आई?" वीरचा आवाज चिरकला. "यू गेव्ह अस हाफ अन अवर! शनिवारी फक्त!"

"तुझा गृहपाठ झालेला नसायचा," मुख्याध्यापिका म्हणाल्या.