गेणबा चाती घेऊन उठला

तर गेणबानं भिंतीकडं तोंड केलं ते केलंच. चौऱ्याण्णव सालची गोष्ट. अंथुर्ण्याचा हा धनगर गडी, मेंढरांमागं पार कोकणात पायी जाऊन येणारा. छातीचा दमा जुनाच, त्यात हृदयानं कुरकुर सुरू केली आणि गडी खाटेला लागला. बारामतीचे डॉक्टर म्हणाले, "गोळ्या चालू ठेवा, पण आजोबांना थोडं चालवा. छातीपेक्षा मनानंच जास्त अंथरूण धरलंय."

ऐकतंय कोण? पोरगा सोमनाथ लई मायेचा. त्यानं बापाच्या हातातला तांब्यासुद्धा काढून घेतला. "आबा, तुमी पडून ऱ्हावा." आबा राहिले पडून. जेवणावरची वासना उडाली, बोलणं आटलं, मोरीपर्यंत जायचं तरी पोराच्या खांद्यावर.

बायको केसरबाई मात्र वस्ताद! तिनं माळ्यावरची चाती काढली. चाती म्हणजे लोकर कातायची लाकडी टकळी; त्या घरात गेणबाशिवाय तिला कुणी हात लावत नसे. बाई खाटेपाशी बसून कातायला लागली. धागा कसला, कुठं दोरखंड तर कुठं शेवई!

गेणबानं एक डोळा उघडला. "काय चाललंय?"

"घोंगडं करायचं हाय."

"असल्या सुताचं? मेंढरं हसतील!"

"हसू द्या. कातणारा झोपलाय न्हवं."

"आण हिकडं!"

पण खाटेवर बसून त्याच्या मनासारखा धागा येईना. चाती अधांतरी सोडायची तर उभं राहायला हवं. गेणबा शिव्या घालत उठला. पाय लटपटले, धाप लागली, खांबाला टेकला. पण चाती गरगरली. सोमनाथ धावला, तर केसरबाईनं त्यालाच दटावलं, "हात लावशील तर बघ!"

मग दारापर्यंत, मग अंगणातल्या लिंबापर्यंत. दमा काही पळाला नाही. ओठ निळे पडायचे ते पडायचेच. थांबायचं, श्वास गोळा करायचा, पुन्हा चाती सोडायची. पण गडी भाकरी मागून खाऊ लागला, कालवणाला नावं ठेवू लागला, म्हणजे बघा!

दिवाळीच्या सुमारास तो कातत कातत पारापर्यंत पोचला. तिथं जुना सोबती रावजी बसला होता. "गेणबा, लेका, केवढी धाप टाकतुयास! गप घरी पडावं की. असं चालता चालताच मेलास म्हंजी?"

गेणबानं धागा तुटू दिला नाही. दम खाल्ला आणि म्हणाला, "रावजी, धाप पडून बी लागत हुती, चालून बी लागतीया. मरायचं तवा मरीन. पर त्याच्या आदीच आडवा कशाला हू?"