खंडेनवमीला अडलेला संगणक

खंडेनवमीला दुपारी बाराच्या सुमारास पुतणीचा फोन आला. "काका, वर्कशॉपला येता काय? कॉम्प्युटर चालू होईना. आबा काय बोलंनात."

तिचे आबा म्हणजे माझे थोरले भाऊ, आमचे दादा. त्यांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. मी वर्तमानपत्रात उपसंपादक. संगणकदुरुस्तीशी माझा संबंध नाही, तरी घरात काही अडलं की मला बोलावतात. मी घाई करत नाही, एवढंच त्याचं कारण असावं.

पुतणीनं मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आहे. आदल्या वर्षी तिच्याच आग्रहावरून दादांनी संगणकाच्या आज्ञांवर चालणारं नवं यंत्र घेतलं. त्याचे प्रोग्रॅम ती ऑफिसातल्या संगणकावर तयार करायची. दादांनी तेव्हा अट घातली होती, "दसरा ते दसरा बघायचं. जमलं तर जमलं, न्हाय तर तू पुण्यात नोकरी बघ." वर्कशॉपच्या दारात एक फळा आहे. त्यावर कामगारांची नावं आणि त्यांच्या मशीनी लिहिलेल्या असतात, आणि दर दसऱ्याला दादा तो नव्यानं लिहितात. पुतणीचं नाव त्यावर कधी नव्हतं. दुसऱ्या दिवशी दसरा, म्हणजे वर्ष पुरं होणार होतं.

मी पोचलो तेव्हा पूजा होऊन गेली होती. लेथ, ड्रिल, पाने, मायक्रोमीटर, सगळ्यांना हळदकुंकू लागलं होतं. ऑफिसच्या टेबलावर संगणकालाही झेंडूची माळ होती, की-बोर्डवर अक्षता आणि फुलं. पडदा काळा होता.

झालं होतं ते असं. संगणक सुरू केला की पहिल्यांदा तो बनवणाऱ्या कंपनीचं चिन्ह दिसतं. त्या जागी पुतणीनं जोतिबाचा फोटो बसवला. फोटो तिनंच डोंगरावर काढलेला. जोतिबा आमचं कुलदैवत. इंटरनेटवर मिळालेल्या एका छोट्या प्रोग्रॅमनं तिनं हा बदल केला, संगणक बंद केला आणि पूजेची तयारी केली. आरतीनंतर दादांनी पाहुण्यांसमोर बटण दाबलं. जोतिबा आला नाही. लाल चौकटीत इंग्रजी मजकूर आला आणि संगणक तिथंच थांबला. दादांनी भिंतीवरचं बटण बंद केलं आणि पाहुण्यांना पेढे वाटले.

"लेथला असलं कधी झालं न्हाय," लेथवरचे जुने टर्नर मला म्हणाले. ते दादांबरोबर पहिल्यापासून आहेत. "पावण्यांम्होरं देवानं पाठ फिरवली जणू."

पुतणी खुर्चीकडं गेली. "आबा, मला बघू दे की. दहा मिनिटं लागतील."

"हात लावू नगंस. पूजा झालीया. उद्या उचलायचं."

पुजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज आहे. तिथं वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी तिला बाहेर बोलावलं. पायरीवर बसून चहा घेतला आणि तिला म्हटलं, काय केलंस ते क्रमानं सांग, मी लिहून घेतो. बातमी जुळत नसली की आम्ही कचेरीत हेच करतो.

सात ओळी झाल्या. मी त्या परत वाचून दाखवल्या. पाचव्या ओळीत फोटो बसवला होता, सहाव्या ओळीत संगणक बंद केला होता, आणि सातव्या ओळीत दादांनी बटण दाबलं होतं.

"मधे एकदा चालू करून बघितलंस?"

तिनं माझ्या हातातला कागद घेऊन सहावी ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाली, "न्हाय. पयलं दर्शन पूजेलाच व्हावं म्हटलं."

वर्कशॉपात नव्या कामाचा पहिला नग मोजल्याशिवाय दुसरा काढायचा नाही, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

लाल चौकटीचा तिनं मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता. तो मजकूर शोधला तेव्हा अर्थ कळला. सुरू होताना संगणक पहिल्या फाइलची सही, म्हणजे ती कोणी बनवली त्याची डिजिटल खूण, तपासतो. सही ओळखीची नसेल तर पुढं जात नाही. तो छोटा प्रोग्रॅम सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता, आणि त्याची सही या संगणकाच्या ओळखीची नव्हती. आमच्याकडंही संपादकाच्या सहीशिवाय पान छापायला जात नाही, त्यामुळं मला ते लवकर समजलं. आतले प्रोग्रॅम जागेवर असावेत, असं ती म्हणाली. खात्री मात्र तिला नव्हती.

दसऱ्याला सकाळी कामगार आले. उत्तरपूजा झाली, ज्यानं त्यानं आपलं हत्यार उचललं. पुतणीनं की-बोर्डवरच्या अक्षता कागदावर काढून घेतल्या. बटण दाबून एक कळ धरून ठेवली, सेटिंगचा निळा पडदा आला. त्यात जाऊन तिनं सहीची तपासणी बंद केली आणि संगणक पुन्हा सुरू केला.

पडद्यावर जोतिबा आला. मागं गुलाल होता.

दादांनी हात जोडले. टर्नरांनी टोपी सारखी केली. थोड्या वेळानं चित्र गेलं आणि नेहमीचा पडदा आला. पुतणीनं आधी प्रोग्रॅमचे फोल्डर उघडून पाहिले. सगळे होते.

"झालं की मग," दादा म्हणाले.

"झालं न्हाय आबा. फोटो काढाय लागतोय. ह्यो ठेवायचा तर तपासणी बंद ठेवाय लागती. गिऱ्हाइकं ड्रॉइंग पेन ड्राइव्हवर आणत्यात, कुणाच्यातनं कसला व्हायरस यील सांगता येत न्हाय."

"राहू दे की. देव हाय न्हवं राखाय."

टर्नर हसले. पुतणी हसली नाही.

"जोतिबाच्या देवळाला बी रात्री कुलूप लावत्यात आबा."

दादांनी एकदा पडद्याकडं पाहिलं. मग ते टर्नरांकडं वळले. "देव दिसूदे म्हणून मीच म्हटलंतं हिला. कंपनीचं नाव कशाला बघायचं म्हटलं." आणि तिला म्हणाले, "काढ."

हे मला आदल्या दिवशी कोणीच सांगितलं नव्हतं. तिनंही नाही. माझ्या सात ओळींत ते नव्हतं.

तिनं तो प्रोग्रॅम काढला, मूळ फाइल जागेवर ठेवली, तपासणी पुन्हा सुरू केली. मग संगणक दोनदा बंद करून दोनदा चालू केला. दोन्ही वेळा कंपनीचं चिन्ह आलं. दादा मागं उभे राहून दोन्ही वेळा बघत होते.

नंतर ते दारात गेले आणि ओल्या फडक्यानं फळा पुसला. पहिली ओळ टर्नरांची, दरवर्षीसारखी. मग बाकीचे. शेवटच्या ओळीत त्यांनी नव्या यंत्राचं नाव लिहिलं आणि त्यापुढं तिचं.

ती फळ्याकडं बघत उभी होती. "आबा, फोटोची प्रिंट काढून भिंतीला लावू काय?"

"लाव. पर उद्या. आज आपटा आणाय कोण गेलंय बघ."