अंकुशरावांची शेवटची बोली

इंदुमती गढवे साडीला फॉल लावायची तो असा, की टाका शोधायला नेसणारीला चष्मा लागावा. बार्शीत भावाच्या घरी, पुढच्या पडवीत तिचं शिलाई मशीन होतं. मशीनच्या एका अंगाला ती झोपायची, दुसऱ्या अंगाला आठवीतली केतकी. भावजय चांगली होती. पण पाहुणा आला की मशीन सरकवावं लागायचं आणि मशीनबरोबर मायलेकींनाही.

नवऱ्यानं, म्हणजे अंकुशनं, तिचं मनगट मोडून घराबाहेर काढलं, त्या दिवशी ती चिंचखेड सोडून आली होती. नंतर कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली पोटगीचा आणि घरभाड्याचा अर्ज केला. कुंभारगल्लीत रुक्साना चाचींची एक खोली तिनं हेरून ठेवली होती. चाची म्हणाल्या होत्या, "कोर्टाचं होऊ दे बेटी, तोवर थांबते. पण फार दिवस नाही हां, मलाही पोट आहे."

अंकुश तारखेला यायचा तो उसवलेला सदरा घालून. जेसीबी भावाच्या नावावर, जमीन आईच्या नावावर. त्याच्या स्वतःच्या नावावर काय ते नाव तेवढं उरलं होतं. उत्पन्नाच्या प्रतिज्ञापत्रात त्यानं लिहून दिलं, मजुरी करतो, कधी मिळते, कधी मिळत नाही. त्याचं दारिद्र्य ऐकताना इंदुमतीला क्षणभर त्याचीच कीव आली.

मग चिंचखेडची जत्रा आली.

तिथं भैरोबाच्या मानाच्या नारळाचा लिलाव होतो. ज्याचा नारळ, त्याला वर्षभर पहिली आरती. अंकुशचा चुलतभाऊ पोपट तीस हजारांवर पोचला आणि माइकजवळ जाऊन म्हणाला, "आता थांबू या मंडळी. आमचे अंकुशराव कोर्टात गरीब झालेत, त्यांना लाजवू नका!"

मांडव हसला. भावकीचं हसणं सोसेल तो गढवे कसला? "एक्कावन हजार!" अंकुश गरजला. हलगी कडाडली, गुलाल उधळला. कुणीतरी मोबाईलवर सगळं टिपून 'आपलं चिंचखेड' ग्रुपवर टाकलंसुद्धा.

गढव्यांनी सुनेला घराबाहेर काढलं होतं. ग्रुपमधून काढायचं राहून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी इंदुमतीनं फोन आपल्या मुजावर वकीलबाईंच्या हातात दिला. बाईंनी व्हिडिओ दोनदा पाहिला, दुसऱ्यांदा नुसत्या मजेखातर, आणि रीतसर दाखल केला.

पुढच्या तारखेला न्यायाधीशबाईंनी विचारलं, "हे तुम्हीच ना?"

"मीच. पण देवाचं काम हाय, बाईसाहेब."

अंकुशचा वकील घाईनं उठला. "साहेब, ती नुसती बोली आहे. पैसे अजून दिलेले नाहीत."

खरं तर इथं अंकुश सुटत होता. पण दाराशी पोपट उभा होता, आणि तो खाकरला.

"दिल्यात की!" अंकुश ताठ झाला. "जाग्यावर रोख मोजल्यात. गढव्यांच्यात देवाची उधारी ठेवत नसत्यात!"

वकील खाली बसला आणि कागद उगाचच चाळू लागला.

अंतरिम आदेश त्याच दिवशी झाला: मायलेकींना मिळून दरमहा नऊ हजार, खोलीचं भाडं वेगळं. दोन महिन्यांचे कोर्टातच भरून घेतले.

बाहेर व्हरांड्यात अंकुशनं तिला गाठलं. "भावकीत नाक कापलंस माझं."

एरवी ती भिंतीकडे सरकली असती. आज जागची हलली नाही. "मी कुठं? नाक तुमचं, बोलीबी तुमचीच."

ती तशीच कुंभारगल्लीत गेली. चाची दारात गहू पाखडत बसल्या होत्या. तिच्याकडे बघून त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"झालं?"

"झालं, चाची."

"मग ये, खोली पुन्हा एकदा नीट बघून घे. नंतर तक्रार नको."

"बघून झालीय कवाच," इंदुमती पदर खोचत म्हणाली. "झाडू तेवढा द्या."